न रेखाटलेल्या बिंदूंची सात वर्षे

संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळातील रान, नगर, पर्जन्य अथवा युद्धभूमी ही कोठून तरी आणून ठेवलेली चित्रे नसतात. खेळणाऱ्याने मान वळवावी, पाऊल पुढे टाकावे, आणि त्या क्षणी त्या कोनातून काय दिसेल याचा संपूर्ण हिशेब ग्राफिक्स कार्डाने नव्याने मांडावा, असा तो अखंड चाललेला व्यवहार असतो. फुल एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 पिक्सेल असतात. 4के पडद्यावर त्यांची संख्या 82,94,400 होते. दृश्य सलग भासावे म्हणून सेकंदाला 60 फ्रेम हव्यात असे धरले, तर 4के पडद्यासाठी दर सेकंदास जवळजवळ 50 कोटी पिक्सेलांचा रंग ठरवावा लागतो, आणि एका फ्रेमच्या वाट्याला येणारी मुदत असते अवघी 16.7 मिलिसेकंदांची. त्यातच प्रकाशकिरणांचा माग काढून परावर्तने व छाया निश्चित करणारी रे ट्रेसिंगची पद्धत 2018 साली घरगुती कार्डांवर अवतरली, आणि एकेका पिक्सेलचा खर्च कित्येक पटींनी वाढला.

मागणी आणि सामर्थ्य यांच्यातील ही तफावत भरून काढण्याचा एक मार्ग उघड होता: कमी पिक्सेलांचे लहान चित्र काढावे आणि ते मोठे करून पडद्यावर मांडावे. यालाच अपस्केलिंग म्हणतात, आणि साध्या गणिताने केलेले अपस्केलिंग पुष्कळ जुने आहे. त्यातून निघणारे चित्र अंधुक असते हेही सर्वांच्या परिचयाचे आहे. नवे होते ते यंत्रबुद्धीच्या साहाय्याने हे काम करण्याचे साहस. या साहसाच्या 2018 ते 2025 या सात वर्षांतील पिढ्यांची तुलना बहुधा सेकंदाला किती फ्रेम मिळतात, या एकाच मापाने केली जाते. मला ते माप अपुरे वाटते. आपल्या न्यायशास्त्राने प्रत्यक्ष आणि अनुमान ही ज्ञानाची दोन निराळी साधने मानली, आणि अनुमान ग्राह्य ठरण्यासाठी त्याला हेतूचा भक्कम आधार हवा असा आग्रह धरला. कार्डाने जे पिक्सेल स्वतः गणून काढले ते प्रत्यक्ष. जे भरून काढले ते अनुमान. प्रत्येक पिढीने आपले अनुमान कोणत्या पुराव्यावर उभारले, हा प्रश्न विचारला म्हणजे या पिढ्यांतील खरे अंतर दिसू लागते.

पहिली पिढी आली ती मोठ्या गाजावाजाने. ऑगस्ट 2018 मध्ये जर्मनीतील कोलोन नगरात एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीने आरटीएक्स 20 मालिकेची कार्डे जाहीर केली. न्यूरल नेटवर्कला लागणारे गुणाकार अतिशय त्वरेने करणारे, टेन्सर कोर नावाचे विभाग या कार्डांत होते, आणि त्यांच्या बळावर चालणाऱ्या नव्या पद्धतीचे नाव होते डीएलएसएस. तिचे प्रशिक्षण असे चाले: एखाद्या खेळातील हजारो दृश्ये, प्रत्येक पिक्सेलसाठी 64 नमुने घेऊन, अत्यंत सूक्ष्म स्वरूपात काढावयाची, तीच दृश्ये लहान आकारातही काढावयाची, आणि लहानावरून मोठे कसे घडवावे, हे कंपनीच्या महासंगणकावर नेटवर्कला शिकवावयाचे. ही शिकवणी प्रत्येक खेळासाठी वेगळी करावी लागे. डिसेंबर 2018 मध्ये ‘फायनल फँटसी 15’ या खेळात ती प्रथम आली. फेब्रुवारी 2019 मध्ये ‘बॅटलफील्ड 5’ आणि ‘मेट्रो एक्झोडस’ या खेळांत तिचा प्रवेश झाला, आणि तेथे तिची उणीव लख्ख दिसली. चेहरे मेणासारखे गुळगुळीत, दूरची पाने एकमेकांत मिसळलेली, आणि एकंदर दृश्यावर धुरकट पडदा ओढल्यासारखा भास. याहून साध्या उपायाने, म्हणजे रिझोल्यूशन थोडेसे उतरवून व कडा किंचित तीक्ष्ण करून, तितक्याच गतीत अधिक स्पष्ट चित्र मिळते, हे समीक्षकांनी उदाहरणांसह दाखवून दिले. कंपनीलाही त्याच महिन्यात सुधारणेचे आश्वासन द्यावे लागले.

हे अपयश बुद्धिमत्तेच्या अभावामुळे आले नव्हते. चित्र मोठे करण्याचे काम ही पद्धत मुख्यतः एकाच लहान फ्रेमच्या आधारे करीत असे, आणि जी तार, जी फांदी, जे अक्षर त्या लहान फ्रेममध्ये एकाही पिक्सेलवर उतरलेच नव्हते, त्याच्याविषयी कितीही शिकलेल्या नेटवर्कला काय सांगता येणार? अशा जागी काय असू शकेल, एवढेच त्याला ठाऊक होते. या दृश्यात प्रत्यक्ष काय आहे, हे जाणण्याचा मार्गच त्याला उपलब्ध नव्हता.

ऑगस्ट 2019 मध्ये आलेल्या ‘कंट्रोल’ या खेळातील आवृत्ती तर टेन्सर कोरांचा उपयोगही करीत नव्हती. संशोधनात गवसलेल्या कल्पनांचे एक हलके, हाताने लिहिलेले रूप ती सामान्य विभागांवर चालवीत होती. तिला संक्रमणकाळातील एक टप्पा मानून पुढे जाता येईल.

मार्च 2020 मध्ये आलेली दुसरी पिढी हीच माझ्या मते या साऱ्या इतिहासातील निर्णायक घटना होय, आणि म्हणून तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. जुन्या वाड्यातील जाळीच्या खिडकीमागे उभ्या असलेल्या माणसाला एका जागी स्थिर राहून अंगणाचे काही तुकडेच दिसतात. पण त्याने मान किंचित इकडेतिकडे हलविली, की जाळीची तीच छिद्रे अंगणाचे निराळे तुकडे दाखवू लागतात, आणि क्षणार्धात संपूर्ण अंगण त्याच्या मनात उभे राहते. डीएलएसएस 2 ने नेमके हेच केले. प्रत्येक फ्रेम काढताना काल्पनिक कॅमेरा पिक्सेलच्या एका अंशाने, ठरलेल्या क्रमाने सरकवावयाचा. त्यामुळे प्रत्येक लहान फ्रेममध्ये दृश्यातील वेगवेगळे बिंदू सापडतात. आणि मागील फ्रेमांतून सापडलेले हे बिंदू फेकून न देता, संचित दप्तरासारखे पुढील फ्रेमसाठी जपून ठेवावयाचे. पात्र धावत असेल, कॅमेरा फिरत असेल, तर जुना बिंदू आता पडद्यावर कोठे पोहोचला आहे हे कसे कळावे? त्याची माहिती खेळाचे इंजिनच पुरविते. कोणता पिक्सेल मागच्या फ्रेमपासून किती व कोणत्या दिशेने सरकला याच्या या नोंदीस मोशन व्हेक्टर म्हणतात.

बिंदू साठवून कडा मृदू करण्याची ही कल्पना नवी नव्हती. टीएए या नावाने ती खेळांत आधीच रूढ झाली होती. अडचण होती ती जुन्या नोंदींच्या विश्वासार्हतेची. खांबाआडून एखादे पात्र अकस्मात बाहेर आले, दिवा विझला, पाण्यावर लाट उठली, की मागचा दाखला खोटा ठरतो. तो तसाच ठेवावा तर हलणाऱ्या वस्तूच्या मागे तिची भुतासारखी पुसट छाया ओढली जाते, ज्याला खेळाडू घोस्टिंग म्हणतात. आणि घाईने टाकून द्यावा तर तपशील नाहीसा होऊन कडा लुकलुकू लागतात. हा निवाडा पूर्वी अभियंत्यांनी लिहिलेल्या ढोबळ नियमांनी होत असे. डीएलएसएस 2 मध्ये तो नेटवर्ककडे आला. 16के रिझोल्यूशनच्या, सावकाश काढलेल्या निर्दोष चित्रांशी आपले उत्तर ताडून पाहत हे नेटवर्क शिकले होते, आणि ते शिकले होते ते मुख्यतः कोणत्या जुन्या नोंदीवर कितपत विसंबावे हे. म्हणून प्रत्येक खेळासाठी निराळी शिकवणी द्यावी लागेना. पुरावा पारखण्याची विद्या एका खेळातून दुसऱ्या खेळात जशीच्या तशी नेता येते.

याचा परिणाम विस्मयकारक होता. परफॉर्मन्स मोडमध्ये लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी, म्हणजे पिक्सेल चौथा हिस्सा; क्वालिटी मोडमध्ये दोन्ही बाजू दोनतृतीयांश, म्हणजे पिक्सेल निम्म्याहूनही कमी. तरीही तारांचे कुंपण, दूरच्या इमारतींच्या खिडक्या किंवा फलकावरील बारीक अक्षरे काही वेळा पूर्ण रिझोल्यूशनच्या चित्रापेक्षा अधिक नीट दिसत. ‘मुळाहून सरस’ हे वाक्य त्या काळी फार ऐकू आले, आणि त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे: तुलनेतील ते ‘मूळ’ चित्र बहुधा टीएएमधून गेलेले असे, आणि टीएएच्या ढोबळ नियमांहून शिकलेल्या नेटवर्कचा निवाडा अधिक सूक्ष्म होता. दोषही होतेच. 2020 साली संगणकावर आलेल्या ‘डेथ स्ट्रँडिंग’ या खेळात हवेत तरंगणाऱ्या कणांच्या मागे काळ्या शेपट्या ओढलेल्या दिसत, कारण त्या कणांच्या मोशन व्हेक्टरची नोंद नेटवर्कपर्यंत पोहोचत नव्हती. पुरावा तुटला की अनुमान ढळते.

एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीने जून 2021 मध्ये आणलेले एफएसआर 1 हे एकाच फ्रेमवर काम करणारे, न्यूरल नेटवर्क नसलेले गणित होते, आणि दर्जाच्या दृष्टीने डीएलएसएस 2 शी त्याची बरोबरी होणे शक्यच नव्हते. पण त्याची लेखी कृती सर्वांसाठी खुली होती, आणि ते कोणत्याही कंपनीच्या, कित्येक वर्षे जुन्या कार्डांवरही चालत असे. त्या काळी साथीमुळे आणि क्रिप्टोच्या मागणीमुळे नवी कार्डे दुर्मीळ व अवाच्या सवा महाग झाली होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, जगातील कोणत्याही बाजारात काय, सामान्य खेळाडूला जुन्या जीटीएक्स 1060 वरच दिवस काढावे लागत होते. अशा माणसाला हे खुले गणित किती उपयोगी पडले असेल, याचा विचार दर्जाच्या तक्त्यांत कोठेच होत नाही, याचे मला वाईट वाटते. मे 2022 मध्ये ‘डेथलूप’ या खेळातून आलेल्या एफएसआर 2 ने मागील फ्रेमांचा संचय स्वीकारला, पण जुन्या नोंदींचा निवाडा हाताने लिहिलेल्या नियमांवरच ठेवला. त्यामुळे स्थिर दृश्यात ते डीएलएसएसच्या जवळ पोहोचे, आणि पात्र धावू लागले की त्याच्याभोवतीचे गवत सळसळल्यासारखे चमके. इंटेलच्या एक्सईएसएसने त्याच वर्षी मधला मार्ग काढला: स्वतःच्या आर्क कार्डांवर खास विभागांच्या बळावर चालणारे पूर्ण नेटवर्क, आणि इतरांच्या कार्डांसाठी त्याचेच हलके रूप.

यानंतर, ऑक्टोबर 2022 मध्ये आरटीएक्स 40 मालिकेबरोबर डीएलएसएस 3 आले, आणि येथे एका नावाखाली दोन भिन्न जातींच्या गोष्टी एकत्र आल्या. फ्रेम जनरेशन ही नवी क्रिया फ्रेममधील गाळलेले पिक्सेल भरीत नाही. ती दोन प्रत्यक्ष फ्रेमांच्या मध्ये एक संपूर्ण फ्रेम स्वतः रचते. त्यासाठी पुढची प्रत्यक्ष फ्रेम तयार असूनही क्षणभर रोखून धरावी लागते, मधली फ्रेम दाखवावी लागते आणि मग ती सोडावी लागते. दिसणारी गती त्यामुळे वाढते. परंतु खेळ हा नुसता पाहण्याचा विषय नाही. खेळाडूने माउस हलविल्यानंतर किती वेळात पडद्यावर त्याचे प्रत्यंतर येते, यावर त्याचा आनंद आणि नेम दोन्ही अवलंबून असतात, आणि मधल्या फ्रेमला खेळाडूने त्या क्षणी दाबलेल्या बटनाची काहीही वार्ता नसते. हा वाढणारा विलंब आटोक्यात ठेवण्यासाठी रिफ्लेक्स नावाची दुसरी योजना एनव्हिडियाला याच्या जोडीस द्यावी लागली. मूळ गती 60 च्या आसपास असेल तर फ्रेम जनरेशनने चलन खरोखर मऊ होते, आणि वेगवान मॉनिटर असलेल्याला ते सुखावह वाटते, हे मी मान्य करतो. पण मूळ गती 30 वर घसरली असताना तिच्यावर रचलेली उंच संख्या हाताला जडपणाच देते. म्हणून अपस्केलिंगची आणि फ्रेम जनरेशनची गती एकाच तक्त्यात, एकाच रंगाच्या पट्टीने दाखविणे मला गैर वाटते. पहिली कार्डाचे श्रम वाचवून प्रतिसाद सुधारते. दुसरी प्रतिसादाची थोडी किंमत मोजून चलन विकत घेते.

त्यामानाने सप्टेंबर 2023 मध्ये डीएलएसएस 3.5 ने आणलेल्या रे रिकन्स्ट्रक्शनची चर्चा फारच थोडी झाली. रे ट्रेसिंगमध्ये प्रत्येक पिक्सेलमागे मोजकेच किरण सोडणे परवडते, त्यामुळे कच्चे चित्र वाळू उधळल्यासारखे कणमय असते. ते स्वच्छ करण्यासाठी छाया, परावर्तन, पसरलेला प्रकाश यांच्याकरिता वेगवेगळे डीनॉइझर हाताने जुळवावे लागत, आणि ते कण पुसता पुसता खरा तपशीलही पुसून टाकीत. मग हे पुसलेले चित्र अपस्केलरपुढे येई, तेव्हा पुराव्याचा बराच भाग आधीच नष्ट झालेला असे. नव्या पद्धतीत कण निवारणे आणि चित्र मोठे करणे ही दोन्ही कामे एकाच नेटवर्कने एकत्र करावयाची ठरविली. ‘सायबरपंक 2077’ मधील ओल्या रस्त्यांवर निऑन दिव्यांची प्रतिबिंबे पूर्वी एकमेकांत विरघळून जात. या पद्धतीने त्यांना आकार आला, जरी पात्रांच्या चेहऱ्यांवर पहिल्या आवृत्तीत तैलरंगासारखा लेप चढत असे.

जानेवारी 2025 मध्ये लास व्हेगासमध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी आरटीएक्स 50 मालिका आणि डीएलएसएस 4 सादर केले. त्या दिवशी सर्वांचे लक्ष एका विधानाने वेधून घेतले: 549 डॉलरचे आरटीएक्स 5070 हे कार्ड, 1,599 डॉलरला बाजारात आलेल्या आरटीएक्स 4090 च्या तोडीची कामगिरी करील. ही बरोबरी मल्टी फ्रेम जनरेशनच्या, म्हणजे एका प्रत्यक्ष फ्रेममागे तीनपर्यंत रचलेल्या फ्रेमांच्या आधारे साधलेली होती. हिशेब सरळ आहे: चार फ्रेमांपैकी एकच प्रत्यक्ष, आणि परफॉर्मन्स मोडमध्ये तिच्यातीलही चौथाच हिस्सा पिक्सेल गणलेले, म्हणजे पडद्यावरील 16 पिक्सेलांपैकी 15 अनुमानाचे. तंत्र म्हणून हे आश्चर्यकारक खरेच, पण कार्डाची शक्ती मोजण्याचे प्रमाण म्हणून ते स्वीकारता येत नाही. स्वतंत्र चाचण्यांत रचलेल्या फ्रेमा वजा करताच ती बरोबरी उरली नाही.

त्याच दिवशी घडलेली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. 2020 पासून चालत आलेले नेटवर्क सीएनएन या जातीचे होते. चित्राच्या लहान लहान परिसरांवर गाळणी फिरवीत ते निर्णय घेई. त्याच्या जागी ट्रान्सफॉर्मर आला, म्हणजे 2017 साली गूगलमधील संशोधकांनी भाषांतराच्या कामासाठी मांडलेली आणि पुढे सर्व भाषिक यंत्रबुद्धीचा पाया बनलेली रचना. चित्रातील कोणत्या भागाचा कोणत्या भागाशी संबंध आहे, दूरचा कोणता दाखला येथे लागू पडतो, हे तिला स्वतः तोलता येते. घोस्टिंग घटले, पंख्याची पाती, विजेच्या तारा, चालत्या पात्रामागचे तपशील स्थिरावले. आणि हे नवे मॉडेल केवळ नव्या कार्डांपुरते न ठेवता 2018 च्या पहिल्या आरटीएक्स कार्डापर्यंत सर्वांना दिले गेले. जानेवारी 2019 मध्ये घेतलेल्या आरटीएक्स 2060 चे चित्र सहा वर्षांनी, एक रुपयाही न खर्चता सुधारावे, हे ग्राहकाच्या दृष्टीने फ्रेमांच्या कोणत्याही गुणाकाराहून मोठे दान आहे.

एएमडीनेही मार्च 2025 मध्ये एफएसआर 4 आणताना हाताने लिहिलेल्या नियमांचा आग्रह सोडला आणि शिकणाऱ्या नेटवर्कचा अंगीकार केला. दर्जात त्याने मोठी झेप घेतली, पण आरएक्स 9070 मालिकेपुरते मर्यादित राहून प्रकाशनसमयी जुन्या कार्डांचे दार बंद ठेवले. ज्या कंपनीने 2021 साली सर्वांसाठी खुले गणित दिले होते, तिच्याकडून हे घडावे याची खंत वाटते, जरी त्याला लागणारी विशिष्ट गणनशक्ती जुन्या कार्डांत नव्हती हे कारणही खोटे नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये प्लेस्टेशन 5 प्रो आपल्या पीएसएसआर या अपस्केलरसह आले होते, जून 2025 मध्ये निन्टेन्डो स्विच 2 डीएलएसएस घेऊन आले. अपस्केलिंगावाचून खेळ रचण्याचा काळ त्याआधीच सरत चालला होता. 2023 मध्ये ‘रेम्नंट 2’ च्या निर्मात्यांनी आपला खेळ अपस्केलिंग गृहीत धरूनच रचल्याचे सांगितले, त्याच वर्षी ‘ॲलन वेक 2’ च्या किमान आवश्यकतांतही त्याचा उल्लेख आला, आणि फेब्रुवारी 2025 मधील ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ ने तर फुल एचडीत 60 फ्रेम मिळविण्यासाठी शिफारशीच्या कार्डांवरही फ्रेम जनरेशन गृहीत धरले. अतिरिक्त म्हणून मिळालेली सवलत आता मूळ अंदाजपत्रकात जमा धरली जाऊ लागली आहे, आणि तिचा भार सर्वांत आधी स्वस्त कार्ड घेणाऱ्यावर पडतो.

या भाराचे स्वरूप चाचण्यांत पुरेसे उमटत नाही, कारण तुलनेची चित्रे बहुधा 4के पडद्यावर घेतलेली असतात. 4के वर परफॉर्मन्स मोड लावला, तरी नेटवर्कच्या हाती दर फ्रेममागे 20 लाखांहून अधिक प्रत्यक्ष पिक्सेलांचा पुरावा असतो. तोच मोड फुल एचडीवर लावला, तर 960 गुणिले 540, म्हणजे 5,18,400 पिक्सेलच उरतात. क्वालिटी मोडमध्येही 9,21,600. मोडचे नाव एकच, परंतु पुराव्यात चौपटीचा फरक. आपल्याकडील बहुसंख्य खेळाडूंचा मॉनिटर फुल एचडीच असल्याने 4के वरील गौरवपर अभिप्राय त्यांच्या कामाचे नाहीत. त्यांनी फुल एचडीवर घेतलेली, आणि स्थिर चित्राऐवजी धावत्या दृश्याची तुलना पाहावी, क्वालिटीखाली सहसा उतरू नये, आणि जुन्या आरटीएक्स 20 किंवा 30 मालिकेचे कार्ड असल्यास ट्रान्सफॉर्मर मॉडेलने वाढविलेला वेळही तपासावा. कारण ते मॉडेल जुन्या टेन्सर कोरांवर अधिक मिलिसेकंद घेते, आणि रे रिकन्स्ट्रक्शन चालू असता ही तूट इतकी मोठी होते की तेथे जुने सीएनएन मॉडेल निवडणेच पुष्कळदा रास्त ठरते.